टॅबलेटमध्ये स्वतःचा फॉन्ट घालता येत नसेल, तर ते यंत्र कोणाचे?

मुद्रितशोधक (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्यांनी घरातला बारा वर्षांचा डेस्कटॉप मोडीत काढला आणि त्याऐवजी एक चांगल्यापैकी महाग टॅबलेट घेतला. वीज गेली तरी तो चालतो, आवाज करत नाही, नातवंडांशी व्हिडिओवर बोलता येते. तक्रारीला जागाच नव्हती. मग एका संध्याकाळी त्यांनी पेनड्राइव्हवरून आपल्या गावच्या देवस्थानाचा इतिहास उघडला. नोकरीत असताना कित्येक वर्षे रात्री जागून त्यांनी तो टंकित केला होता. पडद्यावर मात्र रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी उमटली. फाइल खराब झाली असे समजून ते ती पुसून टाकण्याच्या बेतात होते, तेवढ्यात सुदैवाने त्यांनी मला फोन केला.

ती फाइल धडधाकट आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, रुळण्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असे. त्याला मराठी रूप देई तो फॉन्ट. डेस्कटॉपवर तो फॉन्ट कोणीतरी एकदा फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकून दिला होता आणि पुढे त्याची आठवण ठेवण्याची कोणाला गरज पडली नव्हती. नव्या यंत्रावर मात्र ‘ही फॉन्टची फाइल घे आणि वापर’ एवढे सांगण्याची साधी जागाच मेहुण्यांना सापडेना.

या एका प्रसंगावरून टॅबलेट वाईट असा निष्कर्ष मला काढायचा नाही. परंतु ‘सामान्य वापरकर्त्याला एवढे स्वातंत्र्य लागतेच कुठे?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याची एकदा मराठीच्या अंगाने तपासणी व्हावी असे वाटते. संगणकावर मराठी आली कशी, हे आठवून पाहा. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली, तिथून आयएसएमसारखी मराठी टंकनाची साधने आली. पुण्याच्याच मॉड्युलर या कंपनीने श्रीलिपी हा फॉन्टांचा संच आणला. शिवाय कोणी छंद म्हणून फॉन्ट बनवले, कोणी रोमन कळफलकावरून मराठी लिहिण्याच्या युक्त्या रचल्या. विंडोजमध्ये देवनागरीचा अधिकृत आधार विंडोज २००० पासून मिळू लागला. त्याच्या कितीतरी आधीपासून दिवाळी अंक, लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल संगणकावर जुळवले जात होते, कारण ज्या यंत्राच्या निर्मात्याने मराठीचा विचारही केलेला नव्हता त्या यंत्रात बाहेरून काहीतरी घालून त्याला मराठी शिकवता येत होते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती.

आता याच्याशेजारी आयपॅड ठेवा. पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. अ‍ॅपलखेरीज इतरांनी बनवलेला कळफलक त्यात बसवण्याची मुभा मिळाली ती आयओएस ८ या कार्यप्रणालीपासून, म्हणजे २०१४ मध्ये. अ‍ॅपमार्फत फॉन्ट बसवण्याची सोय आयपॅडओएस १३ बरोबर २०१९ मध्ये आली. त्यापूर्वी कॉन्फिगरेशन प्रोफाइल, म्हणजे यंत्राच्या मांडणीची खास फाइल, तयार करून फॉन्ट आत नेण्याचा आडमार्ग होता, पण तो माझ्या मेहुण्यांच्या आवाक्यातला नव्हता. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. सामान्य माणसाला यंत्र उघडता येत नसले, तरी त्याच्या ओळखीतल्या कोणालातरी ते उघडता येणे, यावरच त्याचे बरेचसे संगणकजीवन उभे असते. मेहुण्यांनी आयुष्यात कधी फॉन्ट बसवला नाही. त्यांच्या कचेरीतल्या एका मुलाने बसवला. बंद यंत्र त्या मुलाला बाहेर ठेवते आणि नुकसान मेहुण्यांचे होते.

आपले अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.

पाटी_पेन्सिल

धागा विचारपूर्वक लिहिलेला आहे, तरीही मी विरुद्ध बाजूने लिहिते. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गेली सहा वर्षे केवळ टॅबलेट वापरते. त्याआधी घरात लॅपटॉप होता. त्या लॅपटॉपवर जे कोणी येत, ते काही ना काही ‘टाकून देत’. परिणामी दर सहा महिन्यांनी तो फॉरमॅट करून आणावा लागे, आणि एका फेरीत माझ्या वर्गांचे सगळे फोटो गेले. तुम्ही ज्या मुलाचे कौतुक करता, तो मुलगा माझ्या वाट्याला असा आला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी फाइल येते, वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने येते, बँकेच्या केवायसीच्या नावाने येते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका गृहस्थांनी अशी पत्रिका उघडली आणि त्यांच्या खात्यातून मोठी रक्कम गेली. यंत्राने ‘अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप आहे’ अशी सूचना दिली होती, पण पत्रिका उघडण्याच्या घाईत त्यांनी होकाराचे बटण दाबले. ज्या यंत्रावर होकाराचे बटणच नाही, त्यावर हे घडले नसते. मला माझे स्वातंत्र्य कमी झाल्यासारखे वाटत नाही; एका काळजीतून सुटल्यासारखे वाटते. फॉन्टचा प्रश्न खरा आहे, पण तो जुन्या फाइली असणाऱ्यांचा आहे, आणि तो कधीतरी संपणार आहे.

सहीशिक्का

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. मी कोल्हापुरात करसल्लागार आहे. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर जीएसटीचे विवरणपत्र डिजिटल सहीनेच भरावे लागते. ई-निविदेलाही ती लागते. ही सही पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असते, आणि संगणकाला ते टोकन ओळखू देणारा ड्रायव्हर व सही उमटवणारा छोटा प्रोग्राम हे दोन्ही संगणकावर बसवावे लागतात. माझ्या एका तरुण अशिलाने ‘आता सगळे क्लाउडवर आहे’ म्हणून कचेरीतले सगळे संगणक काढून टॅबलेट आणले. आता दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत तो माझ्या कार्यालयात टोकन घेऊन येतो आणि चहा पिऊन जातो. मला त्याचा सहवास आवडतो, त्यामुळे माझी तक्रार नाही.

गणकयंत्र

मी म्युनिकमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. या वादाला जो इतिहास आहे तो थोडा सांगितला तर चर्चेला उपयोग होईल.

टॅबलेटसारख्या यंत्राची कल्पना अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने मांडली होती. मुलाच्या हातात मावेल असा संगणक, आणि मुलाने तो केवळ पाहू नये, तर स्वतः त्याच्यासाठी प्रोग्राम लिहावेत, हा त्या कल्पनेचा गाभा होता. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने मुलांसाठी ‘स्क्रॅच’ ही प्रोग्रामिंगची भाषा केली. तिची पहिली आवृत्ती ज्या स्क्वीक या प्रोग्रामिंगच्या व्यवस्थेवर उभी होती, ती के यांच्याच परंपरेतली. आयपॅड बाजारात आला त्याच महिन्यात, एप्रिल २०१० मध्ये, आयफोनवर स्क्रॅचचे प्रकल्प चालवून दाखवणारे अ‍ॅप अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअरमधून काढून टाकले. अ‍ॅपने बाहेरून आलेला प्रोग्राम वाचून चालवू नये, असा नियम होता. डायनाबुकसारखे दिसणारे यंत्र अखेर लोकांच्या हाती आले, पण मुलांनी केलेले खेळ त्यावर चालेनात.

नियम पुढे सैल झाले, हेही सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये अ‍ॅपलने स्वतःचे स्विफ्ट प्लेग्राउंड्स आणले आणि २०२१ च्या अखेरीस त्यातून आयपॅडवरच अ‍ॅप तयार करून स्टोअरकडे पाठवता येऊ लागले. फाइली दाखवणारे अ‍ॅप २०१७ मध्ये आले, पेनड्राइव्ह २०१९ मध्ये, माउस २०२० मध्ये. साधा गणकयंत्राचा अ‍ॅप आयपॅडला २०२४ मध्ये मिळाला, हे माझ्या या टोपणनावाला विशेष लागले.

बंद व्यवस्था हा काही एकाच कंपनीचा उद्योग नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज आरटी काढले. दिसायला ते विंडोजच होते. पण विंडोजचे नेहमीचे प्रोग्राम त्यावर बसवता येत नसत, केवळ स्टोअरमधली अ‍ॅप बसत. लोकांनी ते नाकारले आणि २०१३ मध्ये कंपनीला न खपलेल्या सरफेस आरटीपायी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. यातून माझा एक निष्कर्ष असा आहे की ग्राहक बंद यंत्र नाकारतो तेव्हा तत्त्वापोटी नाकारत नाही. विंडोज आरटीमध्ये लोकांना आपले नेहमीचे प्रोग्राम सापडले नाहीत म्हणून ते चिडले. आयपॅडकडे त्यांनी संगणक म्हणून पाहिलेच नव्हते, म्हणून तिथे चिडले नाहीत.

राहिला कायदा. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनवर आणि त्याच वर्षीच्या शरदापासून आयपॅडवरही अ‍ॅपलखेरीज इतरांची अ‍ॅप-दुकाने येऊ शकतात. मी इथे राहत असल्याने तसे एक दुकान बसवून पाहिले. चार पडद्यांवरच्या सूचना वाचून, होकार देत देत ते बसले. त्यात माझ्या उपयोगाच्या वस्तू दोन-तीनच निघाल्या. माझ्या शेजारणीला असे काही आहे याचा पत्ताही नाही. कायद्याने दार उघडले म्हणून लोक त्यातून जातातच असे नाही, हे ‘मुद्रितशोधक’ यांनी ध्यानात घ्यावे.

बिनतारी

वरची चर्चा वाचून असा समज होईल की अ‍ॅपल बंद आणि अँड्रॉइड मोकळे. हा समज आता जुना झाला आहे.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि बाहेरून अ‍ॅप बसवण्यावर निर्बंध घालू नयेत असा एक आदेशही दिला. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश आणि आणखी काही आदेश रद्द केले. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड यंत्रांवर, प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेले असले तरी, ओळख पटवलेल्या विकासकाचेच अ‍ॅप बसेल. सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथून, सप्टेंबर २०२६ मध्ये. मुक्त अ‍ॅपांचे भांडार असलेल्या एफ-ड्रॉइडने आणि इतर अनेकांनी विरोध केल्यावर, जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असे कंपनीने सांगितले. ‘पाटी_पेन्सिल’ ताईंनी सांगितलेली लग्नपत्रिकेची फसवणूक हेच त्यामागचे मुख्य कारण म्हणून पुढे केले जाते, आणि ते खोटे कारण नाही.

माझी खरी तक्रार मात्र अ‍ॅप बसवण्याविषयी नाही, यंत्राच्या आयुष्याविषयी आहे. माझ्याकडे २००९ चा एक लॅपटॉप आहे. त्यावर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची हलकी आवृत्ती घातली आहे. वडील त्यावर भजने ऐकतात आणि पत्रे लिहितात. २०११ चा आयपॅड २ घ्या: आयओएस ९ च्या पुढे त्याला काही मिळाले नाही, आणि मालकाने ठरवले तरी त्यात दुसरी कार्यप्रणाली घालण्याची सरळ वाट नाही. काच, बॅटरी, आवाज सगळे शाबूत असले तरी नवी अ‍ॅप त्यावर बसत नाहीत. अँड्रॉइडच्या काही टॅबलेटांवर बूटलोडर (यंत्र सुरू होताना कार्यप्रणाली चालू करणारा प्रोग्राम) उघडून लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मुक्त कार्यप्रणाली घालता येते. माझ्या एका जुन्या टॅबवर मी ते केले. त्यानंतर माझ्या बँकेच्या अ‍ॅपने ‘हे यंत्र सुरक्षित नाही’ असे सांगून उघडण्यास नकार दिला. त्यात आधीची कार्यप्रणाली चार वर्षे एकही सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेली होती, तेव्हा मात्र तेच अ‍ॅप विनातक्रार चालत होते. ताजी दुरुस्ती घातली म्हणून यंत्र असुरक्षित ठरले. कुलूप यंत्राला नसून यंत्राभोवतीच्या सगळ्या व्यवहाराला आहे, हे मला तेव्हा कळले.

मुद्रितशोधक

सर्वांचे आभार. ‘पाटी_पेन्सिल’ यांचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, म्हणून आधी त्याविषयी.

तुमच्या लॅपटॉपचे जे झाले ते वाचून वाईट वाटले, आणि माझ्या मांडणीत ती बाजू नव्हती हे कबूल करतो. बाहेरच्या माणसाला आत येऊ देणारे दार चोरालाही आत येऊ देते, हे खरेच आहे. होकाराचे बटण अवघड जागी असावे, त्याला एक दिवसाची वाट पाहायला लावावी, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीची संमती लागावी, यांपैकी काहीही मला मान्य आहे. मला अमान्य आहे ते असे बटणच नसणे. फॉन्ट हे तर अ‍ॅपही नव्हे. फॉन्ट घातल्याने कोणाचे बँक खाते रिकामे होत नाही.

मात्र ‘जुन्या फाइलींचा प्रश्न कधीतरी संपेल’ याच्याशी मी सहमत नाही, कारण प्रश्न जुन्या फाइलींपुरता नाही. आपला टॅबलेट उघडा आणि ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे नीट पाहा. मराठी शाळेत तुम्ही फळ्यावर जो ल आणि जो श गिरवून घेतलात, तो बहुधा तिथे दिसणार नाही. हिंदी वळणाचा दिसेल. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात मराठी वळणाची ही अक्षरे प्रमाण ठरवली आहेत. गंमत म्हणजे कित्येक फॉन्टांमध्ये मराठी वळणाची अक्षरे आतच दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे यंत्राला कळवले तर ती बाहेर येतात, पण अनेक अ‍ॅप ते कळवतच नाहीत. संगणकावर मी माझ्या वाचनासाठी हवा तो फॉन्ट नेमतो आणि विषय संपतो. टॅबलेटवर मात्र सबंध यंत्राचा फॉन्ट हवा तसा बदलता येत नाही. फार तर एखाद्या अ‍ॅपपुरता बदलतो, किंवा एखादी कंपनी आपल्या दुकानातून विकत देते तेवढ्यांतूनच निवडावा लागतो. पहिलीतली नात रोज पडद्यावर एक ल पाहते आणि वहीत दुसरा काढते. हे नुकसान मोठे नाही, हे मला कळते. पण ते दुरुस्त करणे ज्यांना शक्य आहे अशी माणसे आपल्यात असताना, कुठल्यातरी दूरच्या कचेरीला ते महत्त्वाचे वाटेपर्यंत थांबावे लागते, हे मला खटकते.

‘गणकयंत्र’, दार उघडले तरी लोक जात नाहीत, हे तुमचे निरीक्षण योग्य असेल. माझ्या मेहुण्यांनीही ते दार वापरले नसते. मी वापरले असते, त्यांच्यासाठी.

पाटी_पेन्सिल

आत्ताच पाहिले. ल खरोखरच हिंदी वळणाचा आहे. सहा वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते, आणि आता सारखे तेच दिसणार, याबद्दल तुमचे आभार मानावेत की नाही हे ठरत नाही. बटण अवघड जागी असावे, इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण ते इतके अवघड असावे की आमच्या संघातल्या गृहस्थांना सापडू नये आणि तुम्हाला सापडावे, असे बटण कोणी कसे बनवणार, हे मला कोणी सांगितलेले नाही.

नवशिका

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. मुलगी अकरावीत गेली. एका शिकवणीवर्गाने त्यांच्या अभ्यासक्रमाबरोबर टॅब दिला होता. त्यात त्यांचेच अ‍ॅप उघडते, बाकी काही बसवता येत नाही, आणि अभ्यासक्रमाची मुदत संपल्यावर तो केवळ घड्याळ म्हणून भिंतीशी उभा आहे. आता तेवढ्याच पैशांत नवा टॅबलेट घ्यावा की जुना लॅपटॉप?

बिनतारी

जुना लॅपटॉप, त्यात एसएसडी (वेगवान साठवण) बसवून. तिला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची असेल, प्रकल्पाचा अहवाल लिहायचा असेल, तर कळफलक लागेलच. एक आठवण म्हणून सांगतो: २०११ मध्ये सरकारने आकाश हा स्वस्त टॅबलेट आणला, तो फार धीमा होता आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली. परंतु पुढच्या वर्षी आकाश २ च्या वेळी आयआयटी मुंबईच्या चमूने त्यावर सी, पायथन आणि गणितासाठीच्या सायलॅबचे प्रोग्राम लिहून चालवण्याची सोय केली होती. यंत्र दरिद्री होते, तरी त्याच्याकडून काय करून घ्यावे हा विचार चांगला होता. वर्गाचा टॅब पुसून पुन्हा वापरता येतो का, हे त्याच्या मॉडेलवर अवलंबून आहे. मॉडेल क्रमांक इथे लिहा, पाहतो.

सहीशिक्का

लॅपटॉपच घ्या. पुढे ती करसल्लागार झाली तर टोकन लावायला जागा असेल.

मुद्रितशोधक

‘नवशिका’, मीही लॅपटॉपच सुचवेन. मात्र मुलीला चित्रे काढायची आवड असेल, तर लेखणीसह टॅबलेटचा हात कोणी धरू शकत नाही, हेही विचारात घ्या.

देवस्थानाच्या इतिहासाविषयी काहींनी व्यक्तिगत संदेशातून विचारले, म्हणून इथेच कळवतो. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी पाने महाजालावर आहेत, आणि ती ब्राउझरमध्ये चालत असल्याने टॅबलेटवरही चालतात. मेहुण्यांच्या टॅबलेटवरच मी पहिली चाळीस पाने बदलली. यंत्राने जे दार ठेवले नव्हते ते ब्राउझरने ठेवले, ही माझ्या मूळ मांडणीत घालायची दुरुस्ती आहे. रूपांतरात दोन ठिकाणी घोळ होतो: ‘दऱ्या’मधला ऱ्य आणि ‘कार्य’मधला र्य यांची अदलाबदल होते, आणि अनुस्वार कधीकधी शेजारच्या अक्षरावर जातो. ‘पुजाऱ्यांचा’ हा शब्द त्या इतिहासात पानोपानी आहे. त्यामुळे उरलेली दोनशे पाने छापून घेतली आहेत आणि लाल पेन घेऊन बसलो आहे. कोणाकडे त्याच फॉन्टातल्या फाइली असतील, तर मी केलेली दुरुस्त्यांची यादी पाठवू शकेन.